पिवळा म्हणून नाकारलेला क्यू

मित्रांनो, आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. मी काठी नाही. बल्ली नाही, दांडू नाही, कपडे वाळत घालायचा बांबू तर मुळीच नाही. मी एक जुना बिलियर्डचा क्यू आहे. हिरव्या कापडाच्या मोठ्या टेबलावर ज्यानं चेंडू मारतात ना, तो. इतक्या वर्षांत मला इतक्या जणांनी काठी म्हटलंय, की नुसता तो शब्द ऐकला तरी माझं डोकं फिरतं. आता माझं डोकं म्हणजे चामड्याची एवढीशी टोपी, पण फिरतं.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या एका कारागिरानं अ‍ॅश नावाच्या झाडाचं फिकट लाकूड निवडलं. त्या लाकडावर बाणासारख्या रेषा एकामागे एक उमटलेल्या असतात. मुठीच्या बाजूला त्यानं काळंभोर आबनूस चढवलं. तुमच्याकडे जिच्या पानांच्या विड्या वळतात त्या टेंभुर्णीचा हा लांबचा भाऊ. काळं लाकूड जिथं फिकट लाकडाला मिळतं तिथं चार टोकं असतात. माझी चारही टोकं हातानं घडवलेली, म्हणून ती गोलसर आहेत आणि एकही दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. एक तर बोटभर वर गेलंय. यंत्रातून निघालेल्या क्यूची टोकं अणकुचीदार आणि एकसारखी असतात. शेवटी त्यानं बुडाजवळ कारखान्याच्या नावाची हाडाची पट्टी बसवली आणि खाली माझं वजन ठोकलं, साडेसोळा औंस. हे सगळं मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढं काय झालं ते कळायला हे माहीत हवं.

कापूस खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानातून मी दिग्रसला आलो. साहेबाचा खेळ यथातथाच होता. सहा वर्षांत त्यानं टेबलाचं कापड दोनदा फाडलं आणि दोन्ही वेळा शिव्या मला दिल्या. देश स्वतंत्र झाल्यावर तो निघून गेला आणि मी तिथंच राहिलो. त्याचा बंगला जिनिंगवाल्यांचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या मालकांचा, क्लब झाला. संध्याकाळी मालक मंडळी जमायची. गाठी किती बांधल्या, सरकी कुठं गेली, अशा गप्पा चालायच्या आणि मधूनमधून खेळही व्हायचा.

त्या क्लबात एकोणीस वर्षांचा एक मुलगा मार्कर म्हणून लागला. त्याचं नाव घनश्याम. मार्कर म्हणजे खेळणाऱ्यांचे गुण फळ्यावर मांडणारा, क्यू हातात देणारा, टेबल झाडणारा, कापडाला इस्त्री करणारा माणूस. त्यानं स्वतः खेळायचं नाही असा नियम. एखादा मेंबर एकटाच आला तर त्याच्यासमोर उभं राहायचं आणि हळूच हरायचं. घनश्याम पंधरा वर्षं असा हळूच हरत राहिला. सकाळी क्लबात कोणी नसताना मात्र तो मला हातात घ्यायचा. खरं सांगतो, मी काय करू शकतो हे मला तेव्हा कळलं.

एका वर्षी नागपूरहून एक नामी खेळाडू सामना खेळायला आला. आमचे मालक लोक एकेक करून हरले. शेवटची पाळी क्लबच्या सेक्रेटरींची होती. त्यांनी हात दुखतो म्हणून सांगितलं आणि म्हणाले, "घनश्याम, माह्या जागी उभा राह्य." घनश्यामनं मला उचललं. एकाच पाळीत त्यानं एकशे बारा गुण केले. नागपूरचा माणूस उठून त्याच्याशी हात मिळवायला आला. आठ दिवसांनी भिंतीवर सागवानी पाटी लागली. क्लबचा विक्रम, एकशे बारा, आणि पुढं नाव सेक्रेटरींचं. "त्यायच्याच जागी तर खेळला ना बे तू," असं एक मेंबर हसून म्हणाला. घनश्यामनं ती पाटी रोज फडक्यानं पुसली. मित्रांनो, मला हात असते तर मी ती पाटी भिंतीवरून खेचली असती.

मग कापसाचे वाईट दिवस आले. जिनिंगं एकेक करून बंद पडली. मालकांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली. टेबलाचं कापड उंदरांनी खाल्लं, आणि कापडाखालची जाडजूड काळी फरशी कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाऊन बसली. आजही तिथं कुणीतरी कणीक मळत असेल. शेवटच्या दिवशी सेक्रेटरींनी दोन शिपायांसमोर मला घनश्यामच्या हातात दिलं. म्हणाले, "ने हे काठी. तुले आवडते." देतानासुद्धा काठीच म्हणाले.

घनश्यामच्या घरी माझ्यासारखा थाट कुणाचा नव्हता. भिंतीला टेकवलं तर क्यू वाकतो, म्हणून त्यानं मला आढ्याला दोरीनं सरळ लटकवलं. वर्षातून दोनदा जवसाचं तेल कापसाच्या बोळ्यानं चोळायचा. चोळता चोळता माझं सगळं वर्णन बायकोला सांगायचा. टोकं कशी, पट्टी कुठली, वजन किती. त्याची बायको विमलताई चुलीपाशी भाकरी थापत हूं हूं करायची. शेजारपाजारचे हसायचे. "घनश्यामनं काठीले देव्हारा केला," म्हणायचे. तो हसण्यावारी न्यायचा. मला मात्र प्रत्येक शब्द लागायचा. त्या तेलानं, त्या हातांनी आणि त्या वर्षांनी माझं फिकट लाकूड मधासारखं पिवळं झालं. हा पिवळा रंग दुकानात मिळत नाही. तो यायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं. एवढं लक्षात ठेवा.

घनश्याम तापानं गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. त्याची मुलगी अर्पिता बारावी झाली आणि यवतमाळला नर्सच्या कोर्सला तिचा नंबर लागला. अकरा हजार रुपये सोमवारपर्यंत भरायचे, नाहीतर नंबर दुसऱ्याला. विमलताईचं जिनिंगमधलं कचरा वेचायचं काम कधीच सुटलं होतं. ती लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची आणि त्या साली कापसालाच भाव नव्हता, तर वेचणाऱ्याला कुठला. घरात विकण्यासारखं काय आहे म्हणून तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि तिची नजर आढ्याकडे गेली. मला राग नाही आला. उलट वाटलं, चला, घनश्यामच्या लेकीच्या कामी येतोय.

त्या सेक्रेटरींचा मुलगा इंद्रजित यवतमाळला पूल पार्लर, म्हणजे पैसे घेऊन बिलियर्डसारखा खेळ खेळू देणारं दुकान, चालवत होता. विमलताईनं मला जुन्या पातळात गुंडाळलं आणि मायलेकी एस.टी.त बसल्या. "हे बल्ली आत कायले आणली वो बाई?" कंडक्टर म्हणाला. अर्पितानं मला दाराशी ठेवू दिलं नाही, दोन तास उभं मांडीत धरलं. पोरीला बापाची शिकवण होती.

इंद्रजितनं पातळ सोडलं आणि मला हातात घेतलं. मित्रांनो, वस्तूला माणसाचा हात कळतो. त्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला आणि थांबला. चार टोकं डोळ्याजवळ नेऊन पाहिली. मला टेबलावर ठेवून लोळवलं, मी एका रेषेत सरळ गेलो. वजनाचा आकडा वाचला. त्याच्या तळहाताला घाम आला होता. त्याला मी ओळखू आलो होतो, शंभर टक्के. आणि मग या माणसानं तोंड कसनुसं केलं.

"काकू, माल पिवळा पडला हो," तो म्हणाला. "पाहा ना, किती डागी झाला. कापूस पिवळा आला तं कोणी घेते काय? पांढरा असता तं बारा हजार मीच दिले असते. याचे दोन देतो."

कापसाच्या माणसांशी तो कापसाच्या भाषेत बोलला. बरोबर जिथं बसायला हवं तिथं ते बसलं. विमलताई म्हणाली, "इचार करतो भाऊ," आणि मला पुन्हा गुंडाळून निघाली. इंद्रजितनं अडवलं नाही. सोमवार जवळ आला की बाई परत येते, एवढा हिशेब त्याला होता. परतीच्या वाटेवर विमलताईनं मला स्वतःच्या मांडीत धरलं. घनश्यामनं तीस वर्षं आपल्याला काय सांगितलं आणि हा काय म्हणतो, हेच तिच्या मनात घोळत असणार.

घरी तिचा धाकटा भाऊ फकिरा आला होता. फकिरा दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रावर वीस वर्षं हमाल. रोज त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट घडायची. ग्रेडर गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, उजेडात धरायचा, म्हणायचा, "पिवळा आहे, ग्रेड उतरवा." माणसं हात जोडायची, ग्रेडर पुढच्या गाडीकडे जायचा. मग लोक गाडी बाजूला घेऊन पिवळी बोंडं वेचून फेकायचे आणि पांढरा तेवढा घेऊन पुन्हा रांगेत लागायचे. कधी कधी तेवढ्यानं ग्रेड वर चढायचीही. तर फकिरानं विचार केला, की हा मालही तसाच. पिवळं काढलं की बारा हजार.

दुसऱ्या दिवशी विमलताई वेचणीला आणि अर्पिता दाखल्यासाठी शाळेत गेली. फकिरानं मला खाली उतरवलं, फुटक्या बाटलीची काच घेतली आणि टोपीपासून खाली खरवडायला बसला. मन लावून, घाम गाळून खरवडत होता. माझ्या अंगावरून घनश्यामची वर्षं भुशासारखी त्याच्या मांडीवर पडत होती. फकिरावर मला राग आला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. आला, फार आला. पण बहिणीच्या लेकीसाठी स्वतःची दिवसाची मजुरी बुडवून बसलेल्या त्या माणसाला मी काय बोलणार? अर्ध्यावर आला तोच विमलताई दारात उभी.

"काय करून राह्यला बे तू?"

"पांढरा करून राह्यलो विमलताई. दोनाचे बारा होतीन."

तिनं त्याच्या हातातली काच काढून घेतली. "त्यायनं असं कधी नाही केलं," एवढंच म्हणाली. मी अर्धा पांढरा, अर्धा पिवळा असा दोरीला लटकलो.

शनिवारी तिघंही यवतमाळला गेली. दुपारची वेळ, पार्लरमध्ये कॉलेजची पोरं खेळत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पूनमसिंग गुरुजी बसले होते. हे निवृत्त ड्रिल मास्तर, अर्ध्या गावाला त्यांनी कवायत शिकवलेली, खुद्द इंद्रजितलाही. फकिरानं मोठ्या हौसेनं पातळ सोडलं. "घ्या भाऊ, अर्धा झाला, अर्धा तुमच्यासमोर करून देतो. पाहा कसा पांढराशिप्पड निघाला."

इंद्रजितचा चेहरा उतरला. मग तो ओरडला. "अरे कोणी सांगतलं तुले खरवडाले? तो पिवळेपणाच तं त्याची किंमत होती. मुंबईचा माणूस चाळीस हजार देत होता मले, चाळीस!"

पोरांचे चेंडू थांबले. आपण काय बोलून बसलो हे इंद्रजितच्या ध्यानात आलं, पण आकडा तोंडातून बाहेर पडला होता आणि वीस माणसांनी ऐकला होता. फकिरा आपल्या दोन्ही हातांकडे पाहत खाली बसला.

विमलताई मात्र उभीच होती. आवाज चढवला नाही. "म्हंजे तुमाले मालूम होतं," ती म्हणाली. "तुमी सांगतलं पिवळा हाय, म्हून माह्या भावानं काच लावली. भाऊ, काच त्याची होती, पण हात तुमचा होता."

"काकू, धंदा आहे हा. आता तं याचे पाचशेही कोणी देणार नाही."

"तुमचं नका सांगू. त्या मुंबईवाल्याले फोन लावा. मी बोलतो."

इंद्रजित गुळमुळीत काहीतरी म्हणाला. तेव्हा पूनमसिंग गुरुजी खुर्चीतून म्हणाले, "लाव बे इंदर. मोठ्यानं आवाज येईल असा लाव." लहानपणी ज्या आवाजावर सावधान व्हायचं तोच आवाज होता. इंद्रजितनं मोबाइल काढला आणि स्पीकरवर लावला.

पलीकडचा माणूस शांत बोलणारा होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं सुस्कारा सोडला. मग एकेक विचारू लागला. आणि मित्रांनो, मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात चांगला खेळ तेव्हा पाहिला. टेबल नाही, चेंडू नाही. एक कापूस वेचणारी बाई फोनपुढं वाकून उत्तरं देत होती.

"पट्टी मूळची आहे की पुन्हा चिकटवलेली?"

"मूळची. हाडाची हाय. कडंनं एक केसाएवढी चीर हाय, ते पहिल्यापासून."

"टोकं?"

"चार. गोलसर हायेत. एक बोटभर वर गेलं."

"वजन?"

"साडेसोळा. आकडा ठोकला हाय."

"कापून आखूड केलाय का? वाकलाय?"

"कापला नाही. वाकला नाही. आढ्याले टांगला होता, भिंतीले टेकवू देत नव्हते ते. तेल जवसाचं."

"बाई, तुम्ही खेळता का हो?" त्यानं विचारलं.

"नाही जी. भाकरी करता करता आयकलं."

त्यानं सांगितलं की तो नुसते क्यू गोळा करत नाही, खेळतो. अर्धा खरवडला हे वाईट झालं, चाळीस आता देता येणार नाहीत. पण मूठ, टोकं, पट्टी शाबूत आहेत, आणि खरवडलेलं लाकूड हातात राहिलं की दहा-पंधरा वर्षांत पुन्हा रंग धरतं. सव्वीस हजार देतो. त्याचा माणूस उद्या रविवारी रोख घेऊन येईल. फक्त एक अट होती. हा क्यू कुठला, कोणाचा, कोण खेळलं, हे एका कागदावर लिहून सही करून द्यायचं. नाव असलेल्या क्यूचं मोल निराळं, म्हणाला.

फोन बंद झाला. अर्पितानं वहीतलं पान फाडलं. आता इंद्रजित गोड झाला. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, साहेबाचं नाव टाका. गोऱ्या साहेबाचा म्हटलं का आणखी पाच तरी वाढवीन तो. मार्करचं नाव कायले टाकता? उद्या कोणी इचारलं, मार्करच्या घरी विलायती क्यू आला कसा, तं काय सांगसान?"

बघा हं. जोवर मी काठी होतो, तोवर कुणी विचारलं नाही की घनश्यामच्या घरी ही कशी. सव्वीस हजारांचा झालो आणि लगेच घनश्याम चोर व्हायला लागला. माझं सगळं लाकूड तापलं. मी खाली पडून दाणकन आवाज तरी करावा असं वाटलं.

पाच हजार म्हणजे विमलताईला किती, हे तिथल्या पोरांना कळणार नाही. अर्पिताचं वर्षाचं जेवण, कपडे, जाण्यायेण्याचं भाडं. तिनं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा खाली बसलेल्या भावाकडे.

"पाटीवर तुमच्या वडलाचं नाव लिवलं, तवा मी काही बोलली नाही," ती म्हणाली. "ते पण बोलले नाही. नोकरी होती. आता कोनाची नोकरी हाय मले? अर्पिता, लिही बाई. साहेबाचा होता, सहा वर्षं. सेक्रेटरीनं दोन शिपायासमोर देल्ला. आन् खेळला, सांभाळला कोनं, ते मोठ्या अक्षरात लिही."

अर्पितानं लिहिलं. विमलताईनं सावकाश सही केली. साक्षीदार म्हणून पूनमसिंग गुरुजींनी खिशातून स्वतःचं पेन काढून सही केली. मग ते इंद्रजितकडे वळून म्हणाले, "तू पण कर." इंद्रजितनं केली. त्याच्या वडिलांच्या पाटीचं खरं सांगणारा कागद नव्हता तो, पण घनश्यामच्या नावाखाली त्या घरातली सही पहिल्यांदा पडली.

सोमवारी अकरा हजार भरले गेले. अर्पिता आता नर्स आहे. मी मुंबईला आहे आणि तो शांत माणूस मला घेऊन रोज खेळतो. खरवडलेल्या भागावर हळूहळू रंग चढतोय, पण तिथं काचेचे ओरखडे अजून लागतात हाताला.

मित्रांनो, माझी विनंती आहे, आणि ती मी रागानंच करतो, कारण गोडीनं सांगून कोणी ऐकलं नाही. तुमच्या घरात जुनं काही असेल तर ते घासायच्या आधी, खरवडायच्या आधी, रंगवायच्या आधी चार जाणत्यांना दाखवा. घेणारा तुमच्या वस्तूत खोट काढत असेल तर त्याच्या तोंडाकडे नका पाहू, त्याचे हात पाहा, ते वस्तू खाली ठेवतात का. आणि ती वस्तू कोणी जपली त्याचं नाव आज, माणसं आहेत तोवर, लिहून ठेवा.

कधी मुंबईला आलात तर माझ्याकडे जरूर या. माझ्या खोक्याच्या झाकणात तो कागद लावलेला आहे. मला हातात घ्यायचं असेल तर आधी हात स्वच्छ धुऊन कोरडे करा. मग त्या कागदावर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा: घनश्याम लहानू भगत, मार्कर, दिग्रस. ते वाचल्याशिवाय मला हात लावायचा नाही.